व्यापारसवलत आणि मानवी हक्क : पूर्णगडच्या किनाऱ्यावरून

मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले पूर्णगड हे रत्नागिरी तालुक्यातील मच्छीमारांचे गाव. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या कोळंबी-म्हाकुळापैकी काही माल गोठवून परदेशी रवाना होतो. त्यावर तेथे किती आयातकर पडावा, या निर्णयात मालाच्या किमतीखेरीज आणखी एक प्रश्न शिरला आहे : माल पाठविणारा देश आपल्या कामगारांना कसे वागवितो?

विकसनशील देशांच्या मालावर श्रीमंत राष्ट्रांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता कमी कर आकारावा, हे तत्त्व १९६८ साली नवी दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत मान्य झाले. त्यातूनच ‘जीएसपी’ ही सवलत योजना उभी राहिली. युरोपीय संघात गोठविलेल्या कोळंबीवर सर्वसाधारण कर १२ टक्के, तर या योजनेखाली तो ४.२ टक्के असे. एवढ्या फरकावर सौदा टिकतो किंवा मोडतो.

अटी मागाहून आल्या. अमेरिकेने १९८४ साली कामगारहक्कांची अट कायद्यात घातली. युरोपीय संघाने वेठबिगारीच्या कारणावरून १९९७ मध्ये म्यानमारची सवलत काढून घेतली व २०१३ मध्ये परत दिली. त्याच वर्षी ढाक्याजवळील राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली आणि अमेरिकेने बांगलादेशाची सवलत स्थगित केली. तयार कपड्यांना मात्र ती सवलत मुळातच नव्हती; दंड झाला तो भलत्याच मालाला!

भारताची सवलत अमेरिकेने २०१९ मध्ये काढली, पण कारण बाजारपेठ खुली न केल्याचे होते, मानवी हक्कांचे नव्हे. त्यापूर्वी युरोपीय संघ पाकिस्तानसह निवडक देशांना जादा सवलत देतो, अशी तक्रार भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे नेली होती. समान परिस्थितीतील देशांना समान वागणूक हवी, असा निवाडा २००४ मध्ये झाला.

मच्छीमारांना जवळचे उदाहरण थायलंडचे. कामगारहक्कांच्या प्रश्नावरून अमेरिकेने एप्रिल २०२० पासून त्याच्या अनेक वस्तूंची सवलत थांबविली. त्यांत सागरी उत्पादनेही होती. स्थलांतरित कामगारांना तेथे स्वतःची संघटना स्थापन करता येत नाही, हा एक मुख्य आक्षेप होता. रत्नागिरीच्या नौकांवरही नेपाळहून आलेले अनेक खलाशी राबतात. खलाशाला लेखी कामकरार मिळावा, असे सांगणारा मासेमारीविषयक १८८ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार थायलंडने २०१९ मध्ये स्वीकारला. भारताने तो स्वीकारलेला नाही.