वणवा आटोक्यात, वारा नाही

आजचा विषय वणवा. खरं तर वणव्यापेक्षा वारा.

८ एप्रिल २०२१. नागझिरा अभयारण्यात आग लागली होती आणि वनमजूर ती विझवत होते. संध्याकाळच्या सुमारास आग जवळपास आटोक्यात आली, तेवढ्यात जोराचा वारा सुटला. विझत आलेली आग पुन्हा भडकली, डोंगराळ भागात माणसं घेरली गेली. तीन हंगामी वनमजूर गेले, दोघे जखमी झाले.

मी कोंढ्याचा, पवनी तालुका. एका बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दुसऱ्या बाजूला नागझिरा. आमच्याकडे मार्च-एप्रिलचा वारा काय असतो ते वेगळं सांगायला नको. पश्चिमेकडून येतो, कोरडा, दुपारी तर अंगावरचा घामही टिकू देत नाही. मग जमिनीवर पडलेल्या सागाच्या पानाचं काय होत असेल? पानगळ तोवर झालेली असते, म्हणजे जंगलभर पापडासारखा कुरकुरीत पाचोळा. वारा आगीला नुसती हवा देत नाही, तो ज्वाला पुढे वाकवतो. त्या आचेनं पुढचा पाचोळा पेटायच्या आधीच वाळतो. वर ठिणग्या उडवून पलीकडे टाकतो. त्यात चढ असला तर आग माणसापेक्षा जोरात पळते.

आता मागे जाऊ. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला, भंडारा त्यातच होता. याच प्रांताचे वनाधिकारी जी. एफ. पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात एक प्रयोग केला: जंगल वणव्यापासून वाचवून दाखवायचं. तोवर बऱ्याच साहेबांना हे अशक्यच वाटायचं. उपाय काय, तर जंगलात पट्टे साफ करायचे, उन्हाळ्याआधी तिथलं गवत मुद्दाम जाळून टाकायचं आणि राखणीला माणसं ठेवायची. बोरीचं जंगल वाचलं, आणि तीच पद्धत हिंदुस्थानभर गेली.

त्यात सरकारचा डोळा सागाच्या लाकडावर होता, हेही सांगायला हवं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळणारा, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणारा गावकरी कायद्यानं गुन्हेगार ठरला. आजही बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात, ते खरं आहे. पण मोहाखालची आग शतकानुशतकांची सवय आहे. एखाद्या दिवशी वारा उठतो आणि ती हाताबाहेर जाते.

ते साफ केलेले पट्टे म्हणजे आजच्या जाळरेषा. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि जाळरेषा त्याआधी, पहाटे दव पडतं तेव्हाच जाळून घ्यायच्या असतात. उशीर झाला की तीच आग वणवा होते. म्हणजे वेळापत्रक ठरवतो वारा, ऑफिस नाही.

माझ्या धंद्यातला भाग आता येतो. उपग्रह जंगलातली उष्णता टिपतात आणि भारतीय वन सर्वेक्षण त्यावरून वनविभागाला मोबाईलवर इशारा पाठवतं. व्हीआयआयआरएस नावाच्या उपकरणाचा एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटर. भारी आहे, मला मनापासून आवडतं. पण हा उपग्रह दुपारी दीडच्या आसपास जातो, मग रात्री दीडला. मधल्या बारा तासांत, संध्याकाळी पाचला वारा फिरला तर? ते फक्त आगीसमोर उभ्या माणसाला कळतं. आणि तो माणूस बऱ्याचदा हंगामापुरता कामावर घेतलेला.

त्याच्या हातात पूर्वी हिरव्या फांद्या असायच्या, अजूनही असतात. आता अनेक ठिकाणी पाठीवर ब्लोअर आला आहे. हे पेट्रोलवर चालणारं यंत्र जोराचा झोत मारून पाचोळा आगीच्या दिशेनं मागे ढकलतं आणि मधली जमीन उघडी करतं. म्हणजे वाऱ्याशी लढायला वाराच. फक्त मशीनचा वारा कुठून येणार, हे आधी माहीत असतं.