कैचीची धार, बिडीची छाट

स्मरणिकेसाठी लेख मागवताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीने बजावले होते, "गणिताच्या सरांवर लिहू नकोस, त्यांच्यावर आधीच पुष्कळ लेख आलेत." म्हणून शाळेच्या फाटकाबाहेरच्या माणसावर लिहायला बसले. लिहिता लिहिता ते आठवणींतून इतिहासात गेले, त्याबद्दल आधीच माफी मागते.

धारवाले काका आठवतात ना? मधल्या सुट्टीत चिंचेखाली सायकल स्टँडवर उभी करून बसायचे. पेडल मारले की पट्ट्यावरून हँडलजवळचा वाटोळा दगड गरगर फिरायचा, आणि त्याला चाकू लागला की ठिणग्यांचा फवारा. त्या ठिणग्या तळहातावर झेलायची आपली पैज असायची. चटका बसत नाही याचे आश्चर्य वाटायचे. ठिणगी तापलेली असते खरी, पण लोखंडाचा तो कण इतका बारीक की त्यात उष्णता ती किती असणार! हे शास्त्र नंतर कळले, तेव्हा फक्त मजा होती. आपल्या वह्यांवरच्या पत्त्यात तेव्हा 'जि. भंडारा' लिहायचो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, आपली दहावी होऊन तीन वर्षे उलटल्यावर.

आठवीतल्या विज्ञान प्रदर्शनात माझी पवनचक्की होती. तिची पाती मी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केली होती, आणि पत्रा कापला होता आईच्या कैचीने. बक्षीस मिळाले. घरी आले तर आई कैची उजेडात धरून पाहत होती. "कोनं नेली होती व कैची?" एवढेच विचारले. मी गप्प. त्या आठवड्यात तिची छाट किती वाढली हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर कळले.

ज्यांच्या घरी बिडी नव्हती त्यांच्यासाठी थोडे सांगते. तेंदूची पाने रात्री भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पानावर लोखंडी फर्मा ठेवून त्याच्या मापाने कापायचे, शिरा काढायच्या, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. चांगला हात असला तर दिवसाला हजार बिड्या. एका तुकड्याला तीन-चार वेळा कैची चालवावी लागते, म्हणजे दिवसाला तीन-चार हजार कात. धार बोथट असेल तर पान कापले जात नाही, चेंगरते. कड उसवते, वळताना पान फाटते, बिडी सैल होते. अशी बिडी ठेकेदाराच्या दारात बाजूला टाकली जाते. तिलाच छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत, आणि टाकलेली बिडी परतही मिळत नाही. निदान आमच्या ठेकेदाराकडे तशीच रीत होती.

हा शब्द सरकारी कागदातही आहे, हे मला अलीकडे वाचनात आले आणि मी थक्क झाले. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्याखाली महाराष्ट्राने केलेल्या नियमांत 'छाट' म्हणून साधारणपणे शंभरात पाचांहून जास्त बिड्या नाकारू नयेत, असे म्हटले होते. कारखानदार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे मान्य केले. शंभरात पाच! आईला हे कुणी सांगितले नव्हते. तिच्या लेखी छाट किती निघायची ते ठेकेदाराच्या डोळ्यावर आणि तिच्या कैचीवर अवलंबून होते, आणि त्यातली फक्त कैची तिच्या हातात होती.

आता धारेकडे वळते. आपल्या झाडीपट्टीत जुन्या काळी धार हे लोहाराचे काम. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ त्याच्याकडे पाजवायला जायचे आणि त्याबद्दल तो सुगीला खळ्यावरून धान न्यायचा. प्रत्येक वेळी पैसे मोजायचे नाहीत, वर्षाचा हिशेब. धार गेली की काम अडते, आणि काम अडले तर खळ्यात धान कमी येऊन लोहाराचाही वाटा घटतो, म्हणजे बोथट विळ्याचे नुकसान थोडे त्याचेही. बलुत्याच्या पद्धतीत वाईट पुष्कळ होते आणि तिचे गोडवे गायचा माझा विचार नाही, पण हा एक भाग मला शहाणपणाचा वाटतो.

तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारे वेगळे, ते शिकलगार. शब्द फारसी 'सैकल' म्हणजे झिलई यावरून आला. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर तलवारी कमी झाल्या आणि या हातांपुढे चाकू, कैच्या, वस्तरे उरले. त्यांची जुनी साण कशी असे, तर कुरुंद दगडाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून त्याची चकती ओतायची. एकाने दोरी किंवा वादी मागेपुढे ओढून ती फिरवायची, दुसऱ्याने पाते धरायचे. कुरुंद म्हणजे हिऱ्याखालोखाल कठीण असा खनिजांतला दगड. इंग्रजीतले कोरंडम हे नाव आपल्याकडच्याच भाषांतून गेले. आणि लाख तर आपल्या पळसावरची.

ही साण चालवायला दोन माणसे लागत. एकट्या माणसाला सायकलवर धंदा करता आला तो कारखान्यातल्या चाकामुळे. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले. पुढे कृत्रिम कोरंडमही आले आणि ग्राइंडिंग व्हील ठरावीक दाण्याचे, ठरावीक कठीणपणाचे मिळू लागले. आपल्याकडे १९४१ मध्ये ग्राइंडवेल कंपनीने मुंबईसमोर उरणजवळ मोरा येथे ही चाके बनवायला सुरुवात केली. (राइस मिलवाल्या मित्रांनो, तुमच्या पॉलिशरच्या कोनावरचा एमरीचा थर याच कुळातला. तो तांदळाचा कोंडा खरवडतो, काकांचा दगड लोखंड खरवडायचा.)

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी नागपूरला वर्कशॉपमध्ये लेथचे टूल घासायला दिले, तेव्हा पूर्ण वर्गात मी एकटी निर्धास्त होते. काकांना तासन् तास पाहिले होते ना! कैचीची आतली सपाट बाजू ते दगडाला कधी लावत नसत. घासायची ती फक्त बाहेरची उतरती कड. कैचीची दोन पाती आतून किंचित पोकळ असतात आणि बंद होताना एकाच सरकत्या बिंदूवर एकमेकांना भेटतात. आतली बाजू घासली की भेट संपली, मग धार कितीही लावा. दर दोन-तीन फेऱ्यांनी पाते पाण्यात. पोलादावर निळा रंग चढला की त्याचे पाणी उतरले, धार टिकत नाही. शेवटी अंगठ्याने आडवे चाचपून कडेला राहिलेली बारीक चिवटी काढायची आणि भिजलेल्या पानावर कैची चालवून पाहायची. त्यासाठी ते खिशात तेंदूचे पान ठेवत.

पुढे उत्पादनशास्त्रात फ्रेडरिक टेलर शिकायला आला. त्याने सव्वीस वर्षे धातू कापण्याचे प्रयोग केले आणि १९०६ मध्ये त्यावर भला मोठा निबंध वाचला. त्याच्या सूत्राप्रमाणे हायस्पीड स्टीलच्या टूलने कापण्याचा वेग दुप्पट केला तर धारेचे आयुष्य दोनशे पटींहून जास्त घटते. परीक्षेत मी हे सोडवले, गुण मिळाले. पण मला आठवत राहिली ती त्याची दुसरी गोष्ट. त्याच्या आधी प्रत्येक कारागीर आपले टूल आपल्या मनाप्रमाणे घासायचा. टेलरने ते काम काढून टूलरूमला दिले. एकच आकार, एकच कोन, घासणारा माणूस वेगळा, खर्च कंपनीचा. त्यात कारागिराचे कसब हिरावले गेले, हा त्याच्यावरचा आरोप खराच आहे. तरी बोथट टूलमुळे होणारे नुकसान मालकाचे आहे, एवढे त्याने हिशेबाने दाखवून दिले.

गोंदियात उलटे घडले. रेल्वे आली, बंगाल-नागपूरची मोठी लाइन आणि मग जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन. जंगलातला पाला आणि गुजरातचा तंबाखू स्टेशनवर येऊ लागला आणि शहर बिडीवर वाढले. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, तेही बिडीच्याच व्यवसायातले. पण आमच्यासारख्या घरांत बिडीचा कारखाना म्हणजे आमचीच ओसरी. पाला-तंबाखू ठेकेदाराचा, बाकी सगळे बाईचे. जागा तिची, दिवा तिचा, कैची तिची आणि धारेचे पैसेही तिचेच. खळ्यावरच्या लोहारासारखा नुकसानीत वाटेकरी कुणी नाही. आई पंधरवड्याला एकदा धार लावायची. पैसे नसले तर ओट्याच्या दगडावर घासून दिवस काढायची आणि छाट सोसायची. बिडी कामगार कल्याण निधीतून मला शिष्यवृत्ती मिळत होती, १९७६ च्या कायद्यातला तो निधी. तिचे उपकार मी विसरत नाही. माझ्या पुस्तकांसाठी निधी होता, आईच्या धारेसाठी नव्हता.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईची कैची मागून घेतली. बिडी सुटून तिला पंधरा वर्षे झाली, कैचीने आता दुधाच्या पिशव्या कापते. एक पाते दुसऱ्याहून स्पष्ट अरुंद झाले आहे, कारण डावीकडचे जास्त घासले जायचे. आतली बाजू मात्र अजून कोरी आहे. मी तिला पवनचक्कीची गोष्ट सांगितली. "माहीत होतं मले," ती म्हणाली, "पत्र्याचा खाचा दिसतच होता."

काका कुठले, त्यांचे नाव काय, हे मला माहीत नाही. आपण सगळे त्यांना काकाच म्हणायचो. कुणाला ठाऊक असेल, किंवा सायकलसह त्यांचा एखादा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल, तर बॅचच्या ग्रुपवर जरूर टाका. आईला दाखवायचा आहे.