सरकारी कामात अडथळा

‘सरकारी कामात अडथळा, गुन्हा दाखल’ ही बातमी आपल्या ओळखीची आहे. तिच्यामागचे कलम ३५३ मूळचे इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेतले. कर्तव्यावरच्या पोलिसावर हात टाकला, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

या कायद्याचा धाक सातारा जिल्ह्याने १९४२ मध्ये झुगारला. आजच्या सांगलीतले तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. ३ सप्टेंबरला तिथल्या कचेरीवर मोर्चा गेला. मामलेदाराने गांधी टोपी घातली, तिरंगा फडकला, गोळी सुटली नाही. सहाच दिवसांनी वडूजच्या मोर्चावर मात्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे हुतात्मा झाले.

पुढे नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी स्वतःची न्यायदान मंडळे उभी केली. सरकारी कोर्टाची पायरी न चढता तंटे मिटू लागले. १९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरची वॉरंटे मागे घेतली गेली. कालच्या फरारींचे सत्कार झाले.

राज्य बदलले, कलम राहिले. महाराष्ट्राने त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम १३२ झाले आणि शिक्षेची मर्यादा पुन्हा दोन वर्षांवर आली.

बंदोबस्तावरच्या हवालदाराला हे संरक्षण हवेच. पण कोर्टाने दोन प्रश्न विचारायलाच हवेत : पोलीस खरेच कर्तव्य बजावत होता का? आणि त्याच्यावर बळ वापरले गेले, की नुसतीच हुज्जत झाली? हुज्जत घालणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे साताऱ्या-सांगलीला वेगळे सांगायला नको.