लोर्नाबाईंचा आवाज

मंडळी, जॅझ म्हणजे साहेबांच्या क्लबातलं गाणं, असं आम्ही वऱ्हाडातले लोक धरून चालतो. पण लोर्ना कोर्देरो (जन्म १९४६) यांनी ते चक्क कोकणीत गाजवलं! साथीला क्रिस पेरी यांचा ट्रम्पेट. 'बेबदो' म्हणजे दारुडा, 'पिसो' म्हणजे वेडा. विषय आपल्या गल्लीतले, ठेका मात्र थेट अमेरिकेचा.

पुढे पेरींशी फारकत झाली आणि ऐन उमेदीची वीसहून जास्त वर्षं हा आवाज गप्प राहिला. एखादीला लोक विसरले असते. पण १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा गायला लावलं, आणि गोवेकरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. २०१४ चा 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपटही याच जोडीवरून सुचलेला.

हे प्रेम टिकलं कसं? मला वाटतं, भाषेमुळे. कोकणी राजभाषा झाली १९८७ मध्ये. त्याआधी आपणच तिला 'नुसती बोली' म्हणून हिणवत होतो ना! लोर्नाबाईंनी तेव्हाच तिला बँडसमोर ताठ उभं केलं होतं.

आपल्याकडे विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी कविता मंचावर नेली. तरी अकोला-अमरावतीच्या घरांत पाहुणे आले की आपली वऱ्हाडी आत जाऊन बसते. तिला बाहेर कोण बोलावणार?