त्रिस्थळीची वाट आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या

प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांची मिळून होणारी त्रिस्थळी यात्रा हे मराठी समाजाचे शतकानुशतकांचे जीवनस्वप्न होते. प्रयागास त्रिवेणीसंगमावर मुंडन व स्नान, काशीत विश्वेश्वराचे दर्शन व पंचक्रोशी, गयेत फल्गूच्या काठी आणि विष्णुपदावर पितरांना पिंडदान, असा तिचा क्रम असे. या यात्रेचा शास्त्रार्थ सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकात काशीतील नारायणभट्टांनी रचला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे होते. म्हणजे मराठी सत्ता उत्तरेत पोहोचण्यापूर्वीच मराठी विद्वत्ता गंगातीरी स्थिरावली होती.

परमुलखात, परभाषेत यात्रेकरूचा निभाव लागे तो क्षेत्रोपाध्यायांमुळे. काशीचे गंगापुत्र, प्रयागचे प्रयागवाल आणि गयेचे गयावाल यांच्याकडे प्रांतवार, घराणेवार यजमानांची वाटणी असे. उतरण्याची जागा, विधीचे साहित्य, देवदर्शनाचा क्रम, प्रसंगी उसनवारी, या सर्व गोष्टी तेच पाहत. प्रयागच्या वाळवंटात प्रत्येकाचे निशाण वेगळे असे आणि निरक्षर यात्रेकरूही त्या खुणेवरून आपल्या उपाध्यायाकडे पोहोचे. गयेत अक्षयवटाखाली गयावालाने ‘सुफल’ म्हटल्याखेरीज श्राद्ध पुरे झाले असे यजमानाला वाटत नसे. या व्यवस्थेत दक्षिणेचा तगादा होता, तशी वंशपरंपरेने निभावलेली जबाबदारीही होती.

यात्रेला राजकारणाचे अंगही होते. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये पुण्याहून उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि १७३६ मध्ये परतल्या. ज्या मुलखांशी मराठ्यांचे युद्धप्रसंग चालू होते, त्यांतूनच हा प्रवास झाला. उदयपूर आणि जयपूर येथे त्यांचा सत्कार झाला. मराठ्यांशी लढलेल्या महंमदखान बंगशानेही त्यांच्या वाटचालीस साहाय्य केले. लगेच १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले, हे ध्यानात घेतले म्हणजे यात्रेकरूविषयीच्या तत्कालीन संकेताचे मोल कळते.

काशी व प्रयाग स्वराज्यात आणण्याची पेशव्यांची मनीषा मात्र पुरी झाली नाही. तलवारीने जे साधले नाही, ते दानधर्माने आणि बांधकामाने काही अंशी साधले. अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये नव्याने बांधविले, मणिकर्णिका घाटाची उभारणी केली. त्या वेळी काशी व गया ही दोन्ही क्षेत्रे इंग्रज कंपनीच्या अधिकाराखाली गेलेली होती. ज्या भूमीवर आपला अंमल नाही तिथे, महसुलाची अपेक्षा न ठेवता, केवळ यात्रेकरूंच्या सोयीसाठी द्रव्य वेचणे ही गोष्ट राज्यविस्तारापेक्षा निराळ्या दृष्टीची होती. पुढे १८२८ मध्ये ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीच्या कूपाभोवती स्तंभमंडप बांधविला, तो त्याच परंपरेत.

सामान्य यात्रेकरूचा मार्ग मात्र खडतरच राहिला. चोर, ठग, नद्यांचे उतार आणि रोगराई यांत जकातीची भर पडे. प्रयाग व गया येथे कंपनी सरकारही यात्रेकर वसूल करी. तो १८४० मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या पायी प्रवासाचे सर्वांत जिवंत चित्र वरसईच्या विष्णुभटजी गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ मध्ये सापडते. द्रव्यार्जन आणि तीर्थयात्रा असा दुहेरी हेतू धरून ते निघाले, आणि १८५७ च्या बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा व त्यानंतरची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तरीही गंगोदकाची कावड घेऊनच ते घरी आले. हे पुस्तक १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

१८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादला जाणारा लोहमार्ग जोडला गेला आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. यात्रा सुलभ झाली, विधवांना आणि वृद्धांना ती आवाक्यात आली. परंतु माळवा आणि बुंदेलखंडातील ज्या मराठी वस्त्या यात्रेकरूंना आसरा देत, त्यांच्या दारावरून जाणारी ही रहदारी ओसरली. वर्षभराच्या विरहानंतर सुखरूप परतलेल्याचे मावंदे सारा गाव जेवत असे. त्या सोहळ्यातील कृतज्ञताही हळूहळू उपचारापुरती उरली.

या दीर्घ वाटचालीचा सर्वांत मोलाचा अवशेष म्हणजे उपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूचे नाव, बापाचे व आज्याचे नाव, गोत्र, मूळ गाव, सोबतची माणसे, अशी नोंद होऊन खाली यजमानाची सही असे. जुन्या मराठी नोंदी बहुधा मोडी लिपीत आहेत. दरबारी दप्तरांत सरदारांची आणि मुत्सद्द्यांची नावे सापडतात. परंतु कोकणातून निघून इंदूर, ग्वाल्हेर वा बडोद्यास स्थायिक झालेल्या कारकुनाचे, शिलेदाराचे, भिक्षुकाचे मूळ गाव कळण्याचा आधार पुष्कळदा एवढाच असतो. वारसांच्या वाटण्यांत या वह्या विभागल्या जातात, दमट हवेने पाने विरतात, आणि मोडी वाचणारे विरळ होत चालले आहेत. हरिद्वार इत्यादी ठिकाणच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील युटाच्या वंशावळी-संस्थेने हाती घेतले. परक्यांनी ओळखलेले हे मोल आपल्याकडे अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

घराण्याघराण्यांतून पडून असलेले यात्रेचे खर्चाचे कागद, उपाध्यायांची पत्रे, वहीतील नोंदींच्या नकला यांना ग्रंथालयाइतके सुरक्षित स्थान दुसरे नाही. बृहन्महाराष्ट्रातील वाचनालयांनी शंभर वर्षे छापील ग्रंथ जपले. मंदिरे आणि घाट दगडाचे आहेत, ते आणखी काही शतके टिकतील. त्या पायऱ्या उतरून गंगेत उभ्या राहिलेल्या माणसांची नावे मात्र कागदावरच आहेत, आणि त्यांच्या रक्षणाचे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.