कुळाच्या पलीकडचं कूळ

इथे अरुणावतीच्या काठी आपण सोयरीक ठरवताना कूळ विचारतो, गोत्र पाहतो. पण आपलं मूळ त्याहून फार जुनं आणि सरमिसळीचं आहे. २०१० मध्ये स्वान्ते पाबो आणि सहकाऱ्यांनी निअँडरथल माणसाचा जनुकसंच वाचला. त्यातून कळलं, की आफ्रिकेबाहेर पडलेल्या आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी संकर झाला होता. आज आर्णी असो की युरोप, आपल्यात त्यांचा एक-दोन टक्के अंश आहे. तो मुकाट पडून नाही. करोना गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकतुकडा त्यांच्याकडूनच आला. दक्षिण आशियात तो सुमारे ५० टक्के लोकांत आहे, युरोपात १६. हा वारसा प्रत्येक जातीत आहे. मग शुद्ध रक्त आपण म्हणायचं तरी कुणाचं?