उशीर, विलंब आणि अटक : थांबण्याच्या शब्दांचा इतिहास

हैदराबाद आणि मराठवाडा येथील मराठी माणसाच्या मनात १५ ऑगस्ट १९४७ व १७ सप्टेंबर १९४८ या दोन तारखा जोडीनेच वास करतात. त्यांच्यामध्ये तेरा महिने आणि दोन दिवसांचे अंतर आहे. ‘हैदराबादला स्वातंत्र्य उशिरा मिळाले’, असे या अंतराचे वर्णन आपण सहज करून टाकतो. हे विधान खोटे नाही. परंतु तेथे ‘उशीर’ हा शब्द पुरेसा आहे काय, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास पडतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर थांबणे आणि थांबविले जाणे यांसाठी मराठीने जो शब्दसंग्रह जमविला आहे, त्याची छाननी करणे इष्ट ठरेल.

प्रथम काळाशी निगडित शब्द पाहू. ‘उशीर’ या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत ‘उत्सूर’ म्हणजे सायंकाळ या शब्दात पाहतात. दिवस कलला आणि काम राहून गेले, एवढाच त्याचा भाव. त्यात कोणावर ठपका नाही. ‘विलंब’ हा संस्कृत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे या धातूपासून आला. आपले ‘लांबणे’ही त्याच कुळातले. ‘दिरंगाई’ मात्र फारसी ‘दिरंग’ वरून आली आणि येताना दोषाची छटा धारण करून बसली. ‘खोळंबा’ हा शब्द करणाऱ्याकडे न पाहता सोसणाऱ्याकडे पाहतो. गाडीला उशीर होतो, प्रवाशांचा खोळंबा होतो आणि त्याला कारण कोणाची तरी दिरंगाई असते. या तिन्ही शब्दांची अदलाबदल करून पाहिली, तर वाक्य लंगडे होते हे वाचकांच्या ध्यानात येईल. त्यापलीकडे ‘रखडणे’ आणि ‘तिष्ठणे’ आहेतच. काम रखडते, माणूस तिष्ठतो. ‘तिष्ठत’ या रूपात उभे राहण्याचा संस्कृत अर्थ अद्यापि जिवंत आहे. कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या अर्जदाराला तो समजावून सांगावा लागत नाही.

कचेरीचा उल्लेख आला, तेव्हा आपल्या शहराकडे वळणे ओघानेच येते. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. त्यामुळे येथील मराठी माणसाच्या कानांवर दरबारी शब्द सतत पडत राहिले. त्यांपैकी ‘मुलतवी’ तर मराठीत आधीपासूनच रुळलेला होता. मुलतवी झालेले काम पुढच्या तारखेवर जाते. तहकूब झालेली सभा सुरू झालेली असते व मध्येच थांबविली जाते. स्थगिती दिली की पुढील आदेशापर्यंत सारे जागच्या जागी राहते. गंमत अशी की, संस्कृतात ‘स्थगित’ म्हणजे झाकलेले. स्थगितीच्या पडद्याआड अनेकदा काय झाकले जाते, हे इतिहास सांगतो.

आता माणसाला धरून ठेवण्याचे शब्द. ‘तुरुंग’ हा पोर्तुगीजांकडून आला, ‘कैद’ अरबीतून फारसीमार्गे आली. ‘अटक’ या शब्दाचा अर्थ मुळात अडथळा, मनाई असा व्यापक होता. ‘अटकाव’ या शब्दात तो अजून टिकून आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत अटक ही धरण्याची क्रिया होय, तर कैद ही त्यानंतरची अवस्था. परंतु सर्वच बंदिवान तुरुंगात नसतात. १६८९ साली रायगड पडल्यावर येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या छावणीत गेले. शाहूंची ती नजरकैद १७०७ पर्यंत चालली. त्यांची सुटका झाली, तरी येसूबाईंना मागे ठेवून घेण्यात आले. आता त्या ‘ओलीस’ होत्या. कारण त्यांना धरून ठेवण्याचा हेतू दुसऱ्याचे वर्तन बांधून ठेवणे हा होता. हैदराबादशी निगडित उदाहरणही आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचे दिवाण मशीरुल्मुल्क यांना मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले व त्यांचा पुण्यात मुक्काम घडला. मुक्काम म्हणावे, तर निघण्याची मोकळीक नाही. तुरुंग म्हणावे, तर बेडी नाही. विसाव्या शतकाने अशा अवस्थेसाठी ‘स्थानबद्धता’ हा शब्द रूढ केला. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. प्रथम ठरलेली पाच वर्षांची मुदत वाढत वाढत तेरा वर्षांवर गेली. धरून ठेवणे आणि लांबविणे हे दोन्ही व्यवहार तेथे एकत्र आले.

हैदराबाद संस्थानातही नेमके हेच घडले. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थांसह अनेक सत्याग्रही तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्यांचे शिक्षण ‘रखडले’ म्हणणे अपुरे आहे. ते अडविण्यात आले होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर झेंडे फडकत असता येथे तिरंगा उभारणारे स्वामीजी पुन्हा गजांआड गेले. २९ नोव्हेंबरला भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्या सुमारास स्वामीजी सुटले खरे, पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. ‘जैसे थे’ हा शब्दप्रयोग किती निरुपद्रवी वाटतो! कागदावर सारे जागच्या जागी होते. प्रत्यक्षात रझाकारांचे अत्याचार वाढत होते, गावे ओस पडत होती आणि माणसे सीमेपलीकडच्या छावण्यांतून राहत होती. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजींची सुटका त्यानंतरच झाली.

म्हणून त्या तेरा महिन्यांसाठी शब्द निवडताना विवेक हवा. दिल्लीच्या वाटाघाटींच्या दृष्टीने तो विलंब होता. जनतेच्या दृष्टीने तो खोळंबा होता. पण चंचलगुड्याच्या कोठडीत आणि बंदी घातलेल्या सभांच्या मैदानात तो अटकाव होता, आणि अटकावाला अटकाव करणारा असतो. ‘उशीर’ म्हटले की तो करणारा वाक्यातून निसटतो. त्याच्याबरोबर ज्यांनी तो मोडून काढला तेही निसटतात.

परभाषेच्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी मराठी ग्रंथ जमविणाऱ्यांनी आपल्यासाठी केवळ पुस्तके राखली नाहीत; शब्दांतील हे बारीक भेद राखले. आपल्या कपाटांतील कोश व मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सभासदांनी एकत्र उघडून वाचाव्यात, एवढीच या प्रसंगी विनंती.